ऑइल पेंटिंग शिकायचंय? मग मसाच्चोचं भित्तिचित्र कॉपी करा

ऑइल शिकायचं म्हटलं की बहुतेक जण सूर्यास्त नाहीतर पळणारे घोडे काढायला घेतात. त्यापेक्षा रेनेसान्सचं (युरोपातल्या प्रबोधनकाळाचं) एखादं धार्मिक फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं भित्तिचित्र घ्या, त्यात रंग मोजके, आकार मोठे आणि उजेड एकाच बाजूने, त्यामुळे चुकलं की लगेच दिसतं. मायकेलअँजेलोची ती देवाची आणि आदमची दोन बोटं मात्र नको प्लीज, ती आता मोबाईल कव्हरवर पण असतात. मसाच्चो या इटालियन चित्रकाराचं घ्या, आदम आणि ईव्हला बागेतून हाकलतात ते, फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपलमधलं, १४२५ च्या आसपासचं.

फोटो डाउनलोड करताना कमरेला पानं आहेत का बघा. असतील तर फोटो जुना आहे, ती पानं १६८० च्या सुमाराला वरून रंगवलेली आणि १९८० च्या दशकात साफसफाई झाली तेव्हा काढली. जुन्या फोटोत काजळी पण आहे, उगाच तेच तपकिरी रंग जुळवत बसाल.

मूळ चित्र २०८ बाय ८८ सेंमी. आपण २६ बाय ११ इंच घ्यायचं, म्हणजे आपला १ इंच = भिंतीवरचे ८ सेंमी, कॉपी करायला आखलेल्या चौकटींचं ग्रिड बरोब्बर बसतं. असा कॅनव्हास तयार मिळणं अवघड, सुताराकडून एमडीएफ कापून घ्या आणि दोन्ही बाजूंनी जेसो (रंगाखालचा पांढरा अस्तर) लावा, नाहीतर पुण्याच्या पावसाळ्यात बोर्ड वाकतो. जेसोच्या शेवटच्या हातात थोडी बारीक मार्बल पावडर घाला, भिंतीसारखा खरखरीतपणा येतो. रंग-ब्रश अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळून जातील. यलो ऑकर, लाइट रेड, रॉ अंबर (मातकट तपकिरी), टेरे वर्ट (मातकट हिरवा), अल्ट्रामरीन, पांढरा, बास.

आता खरी गंमत. फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात, चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि रंग त्यातच पक्का होतो, चकाकी शून्य (अजिंठ्यालाही लोक फ्रेस्को म्हणतात, पण ते काम कोरड्या गिलाव्यावरचं). ऑइल एकदम उलटं, चमकतं आणि गडद दिसतं. म्हणून ट्यूबमधला रंग आधी अर्धा तास रद्दीच्या कागदावर काढून ठेवायचा, जास्तीचं तेल कागद पितो आणि रंग मॅट लागतो.

पहिला थर रॉ अंबरचा, टर्पेंटाइन घालून पातळ, फक्त सावल्या. उजेड उजवीकडून येतो कारण चॅपलची खरी खिडकीच त्या बाजूला आहे, मसाच्चोने तो हिशोब धरलाय, तुम्ही पण धरा. मग अंगाचे रंग: ऑकर, लाइट रेड, पांढरा आणि सावलीकडे टेरे वर्ट.

भिंतीवाले दिवसभरात रंगवून होईल तेवढाच ताजा गिलावा लावायचे, आपणही एका बैठकीत एकच तुकडा घ्यायचा. ईव्हचा चेहरा सगळ्यात आधी, आणि तो मोठ्या ब्रशने, कारण तिथे पापण्या वगैरे काही नाहीच, डोळ्यांच्या जागी दोन गडद खोबण्या आणि उघडं तोंड, तरी ती रडतेय हे खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कळतं. बारीक ब्रश हातात घेतलात की ती बाहुली होते. आदमने तर तोंडच झाकलंय, तिथे सगळं दुःख पोटाच्या आणि खांद्याच्या सावलीत आहे. भिंतीच्या भेगा कॉपी करू नका, ते नुसतं नाटक.

वरच्या थरात खालच्यापेक्षा किंचित जास्त तेल, नाहीतर तडे जातात. खिडकी उघडी ठेवा. जवसाचं तेल लागलेली फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. व्हार्निश निदान सहा महिन्यांनी, आणि मॅटच.