फर्मवेअर अपडेटनंतर रेझिन प्रिंटर आवाज करतोय, प्रिंटही बिघडतेय? असं तपासा

फर्मवेअर म्हणजे प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर. ते बदललं म्हणून यंत्राचा एकही स्क्रू बदलत नाही. बदलतात ते आकडे. मोटरला किती करंट द्यायचा, प्रिंट जिला चिकटते ती प्लेट किती वेगाने उचलायची, खाली आल्यावर किती थांबायचं, पंखा कधी फिरवायचा. त्यामुळे कालपर्यंत शांत चालणारा प्रिंटर अपडेटनंतर शिट्ट्या मारू लागला किंवा प्रिंटच्या कडा फुगीर येऊ लागल्या, तर लगेच व्हॅटच्या, म्हणजे रेझिनच्या भांड्याच्या, तळाची फिल्म बदलायला घेऊ नका आणि रेझिनची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवाची) बाटलीही फेकू नका. आवाज ही एक तक्रार आणि प्रिंटचा दर्जा ही दुसरी, असं धरून चाला. दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही.

आधी झेड शून्य

अपडेटमध्ये झेड शून्याची, म्हणजे प्लेट स्क्रीनला टेकते त्या उंचीची, नोंद पुसली जाऊ शकते. ती न तपासता होम केलं (प्लेट शून्यावर आणली), तर प्लेट थेट स्क्रीनवर दाबली जाऊन एलसीडी फुटू शकतो. व्हॅट काढा, प्लेट आणि स्क्रीन पुसून घ्या, स्क्रीनवर साधा ए४ कागद ठेवा (८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो). प्लेटचे स्क्रू सैल करून होम करा आणि एक हात पॉवरच्या बटणावर ठेवा. प्लेट टेकली की ती वरून अलगद दाबून धरा आणि स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून घट्ट करा. कागद चारही बाजूंनी सारखाच अडखळत सरकला पाहिजे. मग शून्य सेव्ह करा.

रिकाम्या यंत्राचा आवाज ऐका

व्हॅट बाहेरच ठेवून मॅन्युअल मेनूतून प्लेट १० मिमी वर न्या, थांबा, १० मिमी खाली आणा.

प्लेट थांबलेली असतानाही घरघर चालूच असेल तर तो पंखा आहे. आधी फक्त एक्स्पोजरच्या (दिवा लागून लेयर घट्ट होण्याच्या) वेळी फिरणारा पंखा नव्या फर्मवेअरमध्ये सतत फिरत असू शकतो. त्याची वायर काढू नका. त्यावरच यूव्ही एलईडी थंड राहतात. पंखा बदलायचाच असेल तर त्याच मापाचा घ्या, आणि स्टिकरवर १२ व्होल्ट लिहिलंय की २४ ते पाहूनच.

फक्त हालचालीच्या वेळी येणारी, वेगानुसार पट्टी बदलणारी शीळ मोटरची असते. टीएमसी२२०९ सारखे ड्रायव्हर (मोटरला करंट देणाऱ्या चिप) स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर दोन पद्धतींनी चालवतात: स्टेल्थचॉप जवळजवळ निःशब्द, स्प्रेडसायकल जास्त आवाजी पण वेगात जोर टिकवणारी. फर्मवेअरने पद्धत बदलली किंवा करंट वाढवला की तीच मोटर गाऊ लागते. असा आवाज कानाला त्रास देतो, पण प्रिंट चांगली येत असेल तर तो दोष नव्हे. ड्रायव्हरचा पोटेन्शिओमीटर (करंट कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवून तो कमी करायला जाऊ नका. करंट गरजेपेक्षा कमी झाला तर फिल्मपासून लेयर सोडवताना मोटर स्टेप चुकवते. त्यापेक्षा प्रिंटरखाली रबराचे पाय आणि जड शहाबादी फरशी ठेवा. टेबल घुमायचं थांबलं की बराचसा आवाज जातो.

कोरडी खरखर मात्र लीड स्क्रूची, म्हणजे प्लेट वर-खाली करणाऱ्या आट्यांच्या दांड्याची. वेग वाढला की आधीपासून कोरडा असलेला स्क्रू बोलतो, एवढाच फर्मवेअरचा संबंध. जुनं काळं ग्रीस धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि पीटीएफई ग्रीसचा पातळ थर द्या. लिनियर रेलला (प्लेट ज्यावर सरकते त्या पट्टीला) शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. तेल व्हॅटमध्ये ठिबकता कामा नये. स्क्रू आणि मोटर जोडणाऱ्या कपलरचे छोटे स्क्रूही याच वेळी ॲलन कीने आवळून घ्या.

आता व्हर्नियरने मोजा. १० मिमी सांगितल्यावर प्लेट खरंच १० मिमी हलते का? ५ किंवा २० मिमी हलली तर दर मिलिमीटरच्या स्टेप्सचा आकडा चुकलाय, बहुधा दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर टाकलंय. योग्य फाईल टाकेपर्यंत पुढे जाऊ नका.

प्रिंट बिघडण्याचं नेहमीचं कारण: थांबण्याची वेळ

अपडेटनंतर कडा धुरकट, फुगीर आल्या की बहुतेक जण एक्स्पोजर कमी करतात. खरी चूक बऱ्याचदा दुसरीकडे असते. बऱ्याच बोर्डांवर जुन्या पद्धतीत ‘लाइट ऑफ डिले’ दिवा विझल्यापासून मोजला जातो आणि प्लेटचं वर-खाली होणंही त्यातच धरलेलं असतं. हिशोब करून पाहा. ६ मिमी उचल मिनिटाला ६० मिमी वेगाने म्हणजे ६ सेकंद. परत खाली १५० च्या वेगाने म्हणजे २.४ सेकंद, एकूण ८.४. डिले ९ सेकंद असेल तर रेझिनला स्थिरावायला ०.६ सेकंद मिळतात. नव्या फर्मवेअरने खाली येण्याचा वेग १२० वर आणला की त्यालाच ३ सेकंद लागतात, एकूण ९ होतात आणि थांबण्याचा वेळ शून्य. रेझिन प्लेटखालून अजून वाहत असतानाच दिवा लागतो. मग कडेला बुरशीसारखी खरखरीत वाढ दिसते.

स्लायसरमध्ये (मॉडेलचे लेयर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘रेस्ट टाइम’चा पर्याय असेल तर तोच वापरा: खाली आल्यानंतर १ सेकंद, दाट रेझिन असेल किंवा थंडीत खोली २० अंशांखाली गेली असेल तर २. हा पर्याय नसेल तर हालचालीचा एकूण वेळ काढून त्यात १ सेकंद मिळवा आणि तेवढा डिले ठेवा. फाईल नव्याने स्लाइस करणं इथे महत्त्वाचं आहे. स्लायसरने आधी बनवलेल्या जुन्या सीटीबी फाईलमध्ये नवे रकाने नसतील तर यंत्र स्वतःचे ठरलेले आकडे लावू शकतं.

दर लेयरला ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तो फिल्म सुटण्याचा. तोही याच वेळी आटोक्यात येतो: पहिले ३ ते ४ मिमी मिनिटाला ४० ते ६० मिमीने उचला, वेग त्यानंतर वाढवा.

एक चाचणी, एकच बदल

२० बाय २० मिमी, ४० मिमी उंच असा साधा चौकोनी खांब प्लेटवर सरळ उभा प्रिंट करा. अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सोय) बंद, लेयर ०.०५ मिमी. ८०० लेयर होतात. दर लेयरला १२ सेकंद धरले तर दोन तास चाळीस मिनिटं.

भिंतीवरच्या आडव्या रेषा मोजा. त्या दर २, ४ किंवा ८ मिमीला, म्हणजे तुमच्या लीड स्क्रूच्या एका फेऱ्याच्या अंतराने येत असतील तर स्क्रू वाकडा किंवा कपलर सैल आहे. फर्मवेअरचा संबंध नाही. अंतर अनियमित असेल तर रेस्ट टाइम वाढवून पाहा. हा खांब मुद्दामच सरळ घेतलाय. मॉडेलचा आकार जिथे एकदम रुंदावतो तिथे ओढ बदलल्याने येणारी रेषा सेटिंग बरोबर असतानाही दिसते आणि माणूस फसतो.

एक्स्पोजरला हात सगळ्यात शेवटी. मोनो (एकरंगी) स्क्रीनवर ०.०५ मिमी लेयरला सहसा १.५ ते ३ सेकंद लागतात. ०.५ मिमीची भोकं बुजत असतील तर ०.२ सेकंदाने कमी करा. सपोर्ट (मॉडेलला धरून ठेवणारे आधार) तुटत असतील किंवा लेयर सुटत असतील तर तेवढंच वाढवा. बदल नेहमी एकाच आकड्यात.

एवढं करूनही जमलं नाही तर जुन्या फर्मवेअरवर परता, पण तुमचं मॉडेल ते होऊ देतं का हे आधी उत्पादकाच्या सूचनांमध्ये पाहा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा, फाईलचं नाव जसंच्या तसं, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर प्रिंटर यूपीएसवर. अर्ध्यावर थांबलेल्या अपडेटने बोर्ड निकामी होऊ शकतो. परतल्यावरही झेड शून्य पुन्हा लावा आणि फाईल पुन्हा स्लाइस करा.