मृगाआधी तलावाचा सांडवा बघून या, बियाणं नंतर आणा

पेरणीची घाई सगळ्यांनाच आहे, पण दुकानात जायच्या आधी गावच्या पाझर तलावावर चक्कर मारा आणि थेट सांडव्यावर, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, जा. दरवर्षी तेच बघतोय, पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून कोणीतरी सांडव्यावर वाळूची पोती रचतं, मासेवाला जाळी ठोकतो, मग त्यात पऱ्हाट्या, प्लास्टिक, गवत अडकून सांडवा पार बुजून जातो. भरावाचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाचा, माथा सांडव्यापेक्षा उंच ठेवलेला असतो तो पुरासाठीच, दोन फूट पोती लावली की पुराची तेवढी जागा गेली. आणि मातीच्या भरावावरून एकदा पाणी चढलं की तो टिकत नाही.

आमच्या शेजारच्या तलावाचं असंच झालं. भरावावरून बैलगाडीची वाट होती, तिथे माथा वीतभर बसलेला, पाणी नेमकं तिथूनच फुटलं. सकाळी खाली गेलो तर सोयाबीन सोडा, काळी मातीच नव्हती, उघडा मुरूम आणि त्यात गुंतलेल्या ठिबकच्या नळ्या. पिकाची भरपाई मिळेल हो, माती कुठून आणणार?

आत्ताची कामं:
- पोती, जाळी काढणे, सांडव्याची चारी मोकळी करणे
- माथ्यावरचे खड्डे भरून धुमसणे
- भरावावरची बाभळीची रोपं उपटणे
- निखळलेलं पिचिंग (भरावाच्या उतारावर लावलेले दगड) बसवणे
- गाळ काढताना पोकलेन भरावाच्या पायथ्यापासून लांब ठेवणे

उंदीर-घुशींची बिळं संध्याकाळी बुजवा, सकाळी उकरलेली दिसतील ती चालू. त्यात ठेवायच्या विषारी आमिषाची शिफारस 96 भाग भरडलेलं धान्य, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड, पण गुरं पाणी पितात त्या बाजूला अजिबात नको.

गळती बंद करायची पावडर कोणी ड्रमनं विकायला आला तर घेऊ नका, पैसे पाण्यात. माझा अंदाज सांगतो, भर मे महिन्यात पायथ्याला लव्हाळा हिरवागार दिसला तर तिथे पाझर आहेच. ते पाणी बाटलीत भरून ठेवा, तळाला माती बसली तर भराव आतून पोखरतोय. पाझराचं तोंड चिखलानं बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल, जाड वाळू, वर खडी, वर दगड असा थर द्या आणि लगेच तलाठ्याला, जलसंधारणवाल्यांना कळवा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, गळतीची तक्रार गावानं आधीच केली होती. म्हणून गढूळ पाणी वाढताना दिसलं तर कोणाची वाट न बघता खालची वस्ती उठवा.

आणि मुसळधार पावसाच्या रात्री सांडव्यावर बॅटरी घेऊन दोघं तरी जा, एकट्यानं नको, काठावर उभं राहूनच बघा.