आवडत्या रॉक बँडचा कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकायला जाताना

आवडत्या बँडची गाणी वर्षानुवर्षे हेडफोनवर ऐकलेली असली, तरी प्रत्यक्ष कार्यक्रमात बेस ड्रमचा ठोका छातीत जाणवतो, तेव्हा ओळखीचे गाणेही नवे वाटते. रंगमंचाच्या अगदी पुढ्यात उभे राहिल्यास गिटारवादकाची बोटे दिसतात खरी, परंतु मोठे स्पीकर दोन्ही बाजूंना असल्यामुळे तेथे गायकाचे शब्द अनेकदा दबून जातात. ध्वनितंत्रज्ञ बहुधा प्रेक्षकांच्या मधोमध, थोडा मागे बसलेला असतो आणि स्वतःला जे ऐकू येते त्यावरूनच आवाज जुळवत असतो. म्हणून ऐकण्यासाठी जायचे असेल, तर त्याच्या आसपासची जागा धरावी.

कानांची काळजी मात्र टाळू नये. अशा कार्यक्रमांत आवाज १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि कामाच्या ठिकाणी एवढ्या आवाजात दिवसाकाठी १५ मिनिटांहून अधिक काळ राहू नये, अशी अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेची शिफारस आहे. कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. फोमचे इअरप्लग बोटांनी वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढून ते आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावेत.

चित्रीकरण एखाद्या गाण्यापुरतेच करावे. मी एकदा संपूर्ण कार्यक्रम टिपला, आणि तो आजतागायत उघडूनही पाहिलेला नाही.