क्षारपड मातीचा प्रकल्प: प्रदर्शनाच्या आधी काय काय हाताशी हवं

सांगली जिल्ह्यातल्या मिरज, वाळवा, पलूस, तासगाव या तालुक्यांतल्या शाळांना विज्ञान प्रदर्शनासाठी विषय शोधत हिंडायची गरज नाही. कृष्णाकाठची खोल काळी जमीन, वर्षानुवर्षं भरपूर पाण्यावरचा ऊस आणि निचऱ्याची सोय नाही, यातून क्षार वर आले आणि रानं पांढरी पडली. मुलांनी हे घरच्या नाही तर शेजारच्या बांधावरून पाहिलेलं असतं. म्हणून प्रश्न एवढाच घ्या: पाण्यात मीठ किती वाढलं की मूग उगवायचा थांबतो? ‘क्षारपड जमीन, कारणे व उपाय’ असा रंगीत तक्ता करण्यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण त्याचं उत्तर मुलांना स्वतः मोजता येतं.

तालुक्याच्या प्रदर्शनाची तारीख कळली की मागे चार आठवडे मोजा. पहिला आठवडा माती आणि सामानाचा, दुसरा पहिल्या चाचणीचा, तिसरा तीच चाचणी पुन्हा करण्याचा, चौथा तक्त्याचा. तक्ता आधी रंगवून बसलात तर चाचणी एकदाच होते आणि ती फसली की हातात काहीच उरत नाही.

मुगाची चाचणी मिठाच्या पाण्यावर होते, माती लागते ती टेबलावर दाखवायच्या बाटल्यांसाठी. ती दोन रानांतली आणा, एक चांगलं आणि एक बिघडलेलं. बिघडलेल्या रानातला नुसता वरचा पांढरा थर खरवडून आणायचा मोह होतो, तो टाळा. त्यावरून जमीन आहे त्याहून कितीतरी वाईट दिसते. खुरप्याने इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती खरवडा. अशा पाच-सहा जागा घ्या, पण बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडून. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा. पिशवीवर रान, पीक आणि तारीख लिहा.

आता पाणी. बोअरचं किंवा नळाचं पाणी इथे चालत नाही, कारण त्यात मुळातच क्षार असतात आणि ‘शून्य मीठ’ म्हणून ठेवलेला डबा शून्याचा राहत नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी ५ लिटर घ्या. कॅनवर तेच लिहिलंय ना, अॅसिड नाही ना, हे मोठ्या माणसाने वाचून खात्री करावी.

मिठाची द्रावणं करताना सगळ्यात जास्त गडबड होते. स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमभर इकडेतिकडे दाखवतो, त्यावर १ किंवा २ ग्रॅम तोलणं निरर्थक आहे. त्याऐवजी २० ग्रॅम पुडीचं मीठ तोला आणि थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण २ लिटर करा. हे लिटरला १० ग्रॅमचं मूळ द्रावण. त्यातलं १०० मिली घेऊन ४०० मिली डिस्टिल्ड पाणी घातलं की लिटरला २ ग्रॅमचं झालं. २०० आणि ३०० मिळून ४ ग्रॅमचं, ३०० आणि २०० मिळून ६ चं, ४०० आणि १०० मिळून ८ चं. शून्य आणि १० धरून सहा पातळ्या होतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मिळाला तर २ ग्रॅमच्या द्रावणात त्याचा आकडा २००० पीपीएमच्या आसपास यायला हवा. फार लांब गेला तर मोजमाप चुकलंय, पुन्हा करा.

प्रत्येक पातळीला तीन डबे, प्रत्येक डब्यात २५ दाणे. म्हणजे १८ डबे आणि ४५० दाणे. पार्सलचे झाकणाचे प्लास्टिकचे डबे धुऊन वापरा आणि खूण डब्यावर करा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात आणि मग कुठला डबा कुठल्या पातळीचा हे कुणालाच सांगता येत नाही. मूग १०० ग्रॅम पुरेत, पण दोन्ही चाचण्यांना एकाच पिशवीतले. फुटके, किडके दाणे काढा. कितीही भिजवला तरी टणकच राहणारा दाणा दिसून ओळखता येत नाही. शून्य मिठाच्या डब्यातही एखाददुसरा न उगवण्याचं तेही एक कारण असतं.

तळाला टिश्यू पेपरचे दोन थर, वर दाणे एकमेकांना न चिकटता, आणि बिनसुईच्या सिरिंजने प्रत्येक डब्यात सारखं ६ मिली द्रावण. कागद ओला हवा, पण दाण्याभोवती पाणी साचता कामा नये. बुडालेल्या दाण्याला हवा मिळत नाही, तो कुजतो आणि दोष मिठाच्या माथी जातो. झाकण लावाच. उघड्या डब्यातलं पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणजे ४ ग्रॅमचा डबा दोन दिवसांत ४ चा राहत नाही. कागद सुकायला लागलाच तर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब घाला, द्रावण पुन्हा नको. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मूग रेंगाळतो, तेव्हा सगळे डबे घरात एकाच फळीवर ठेवा. काही खिडकीत, काही चुलीजवळ असं झालं तर तुम्ही मीठ नाही, ऊब मोजताय.

मोजणी २४, ४८ आणि ७२ तासांनी, रोज त्याच वेळी. मूळ २ मिलीमीटर बाहेर आलं की दाणा उगवला असं धरा आणि हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. २५ दाण्यांत एक दाणा म्हणजे ४ टक्के, तेव्हा एका डब्यात २३ आणि दुसऱ्यात २४ आले तर तो फरक समजू नका. कमी मिठात उगवण जवळपास सारखीच येते आणि मुलं हिरमुसतात. तिथे थांबू नका. तिसऱ्या दिवशी प्रत्येक डब्यातली दहा रोपं काढून मुळं पट्टीवर मोजा, वाकडं मूळ दोऱ्याने. उगवण टिकलेली असते तिथेही मूळ आखूड झालेलं दिसतं. मीठ वाढलं की पाणी दाण्यात शिरायला अडतं, आणि ते आधी मुळाच्या वाढीत दिसतं. या प्रकल्पाचा खरा जीव त्या मुळांच्या लांबीत आहे.

टेबलावर एक गोष्ट हलती-दिसती हवी. बिघडलेलं रान चोपण असेल, म्हणजे मातीचा सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल, तर ५० ग्रॅम वाळलेली माती आणि २५० मिली डिस्टिल्ड पाणी अशा दोन पारदर्शक बाटल्या भरा. एकीत पाव चमचा जिप्सम टाका. ते कृषी सेवा केंद्रात मिळतं. दोन्ही मिनिटभर हलवून ठेवा. साधी बाटली तासन् तास गढूळच राहते, कारण सोडियममुळे मातीचे कण सुटे राहतात. जिप्सममधल्या कॅल्शियमने ते एकत्र येऊन खाली बसतात. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातला कॅल्शियमच साध्या बाटलीतही जिप्समचं काम करून टाकतो. माती चोपण नसून नुसती क्षारयुक्त असेल, तर दोन्ही बाटल्या निवळतात. म्हणून घरी आधी करून बघा.

परीक्षक विचारतात ते बहुतेक ठरलेलं असतं. मूगच का? लवकर उगवतो म्हणून; उसाबद्दल यावरून थेट काही सांगता येत नाही, हे मुलांनी स्वतःहून बोलावं. शेतातले क्षार म्हणजे नुसतं मीठ का? नाही, सल्फेट, बायकार्बोनेटही असतात. क्षारयुक्त जमिनीची ४ डेसीसायमन प्रति मीटर (क्षार किती ते सांगणाऱ्या विद्युतवाहकतेचं एकक) ही मर्यादा संपृक्त, म्हणजे पाणी घालून लगदा केलेल्या, मातीच्या अर्काची आहे, बाटलीतल्या पातळ अर्काचा आकडा तिच्याशी ताडू नका. उत्तर येत नसेल तर ‘हे मोजलेलं नाही’ म्हणणं चालतं.

नोंदी पेनने, चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारून. तीच मळलेली वही टेबलावर ठेवा, उतरवून काढलेली नको. तक्त्याला थर्माकोल नको. द्राक्षाच्या रिकाम्या पेट्यांचा पुठ्ठा तीन घड्यांत उभा राहतो. आलेखात सरासरीच्या खांबावर तिन्ही डब्यांचे ठिपकेही दाखवा.

प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी सहा डब्यांचा ताजा संच लावा, म्हणजे त्या दिवशी मुळं बघण्याजोगी असतात. वडापच्या जीपमधून नेताना डबे पेटीत सपाट बसवा, मांडीवर घेऊ नका. तिरके झाले की दाणे एका कोपऱ्यात गोळा होतात. जिप्समच्या बाटल्या शाळेत पोचल्यावरच हलवा. पिशवीत चिकटपट्टी, कात्री, जास्तीची सिरिंज, फडकं, पट्टी आणि पाण्याची एक भरलेली बाटली असू द्या. उरलेलं मिठाचं पाणी शाळेच्या बागेत ओतू नका, मोरीत सोडा.