हस्तकलेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ : आधी जागा, मग फोटो

मुखपृष्ठाच्या कामात नव्याने आलेली मुलं आपलं काम दाखवायला आणतात, तेव्हा बहुतेक वेळा एक देखणा फोटो असतो आणि त्यावर शीर्षक कुठेतरी बसवलेलं असतं. फोटो चांगलाच असतो. पण तो काढताना शीर्षक कुठे येणार, हे कुणी ठरवलेलंच नसतं. मग अक्षरांना सावली द्या, मागे पांढरी पट्टी टाका, असे उपाय सुरू होतात. भरतकाम, क्रोशे, गोधडी, वारली अशा विषयांच्या पुस्तकांवर बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय : मुखपृष्ठाची मांडणी कॅमेरा हातात घेण्याआधी कागदावर झाली पाहिजे.

तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील. त्यातलं संकल्पचित्र आठवा. दिलेल्या चौकटीत आकार मांडायचे आणि उरलेली जागासुद्धा आकार म्हणून बघायची, हे तिथे शिकवतात. अप्लाइड आर्टच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेतही तेच तपासतात. मुखपृष्ठाला नेमकी हीच नजर लागते. पुस्तकाचा डेमी हा नेहमीचा आकार साडेपाच बाय साडेआठ इंच. त्याच प्रमाणात आगपेटीएवढ्या चौकटी पेन्सिलीने आखा आणि प्रत्येकीत फक्त तीन गोष्टी दाखवा : मुख्य वस्तू, शीर्षक, मोकळी जागा. लेखकाचं नाव आणि प्रकाशनाचं चिन्ह नंतर. एवढ्याशा चौकटीत जे वाचता येत नाही, ते ऑनलाइन दुकानातल्या नखाएवढ्या चित्रातही वाचता येणार नाही.

हस्तकलेच्या पुस्तकात मुख्य वस्तू निवडणं कठीण जातं, कारण लेखिकेने बनवलेलं सगळंच सुंदर असतं आणि तिला ते सगळं मुखपृष्ठावर हवं असतं. आठ-दहा वस्तू मांडल्या की नजर कुठेच टिकत नाही. मी एकच वस्तू घेतो, आणि शक्यतो अर्धवट झालेली. पूर्ण झालेला रुमाल कुणीही विकत घेऊ शकतो. पुस्तक घेणाऱ्याला तो करायचा असतो. म्हणून सुई अडकवून ठेवलेली भरतकामाची रिंग आणि तिच्याबाहेर गेलेला दोरा मला जास्त उपयोगी वाटतो. त्या दोऱ्याला दिशा असते. तो शीर्षकाकडे नेता येतो, किंवा उजव्या कडेकडे, जिथून पुस्तक उघडतं. रिंग पूर्ण दाखवायलाच हवी असंही नाही. खालच्या कोपऱ्यात ती पाऊण दिसली तरी उरलेलं वर्तुळ डोळा पूर्ण करतो आणि वरचा अर्धा भाग शीर्षकाला मोकळा मिळतो.

हात दाखवणार असाल तर कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवा. हात चौकटीच्या खालच्या कडेने आत आले की ते वाचकाला स्वतःचे वाटतात. समोरून फोटो काढला तर हात वरून येतात, दुसरंच कुणीतरी करून दाखवतंय असं वाटतं आणि टाकाही उलटा दिसतो.

प्रकाश हा मांडणीचाच भाग आहे, हे फार कमी जण लक्षात घेतात. गोधडीवर समोरून प्रकाश टाकला तर ती छापील कापडासारखी सपाट दिसते. तीच गोधडी खिडकीशेजारी पसरा आणि प्रकाश अगदी तिरपा, कापडाला घासून जाईल असा येऊ द्या. धावदोऱ्याच्या दोन ओळींमधला फुगवटा उजळतो, टाक्याजवळ बारीक सावली पडते आणि ठिगळाची दुमडलेली कड वेगळी दिसते. फक्त टाक्यांच्या ओळी आडव्या, उभ्या की तिरक्या ठेवायच्या, हे शीर्षक बघून ठरवा. देवनागरीला शिरोरेखेमुळे मुळातच ठळक आडवी रेघ असते. मागे टाक्यांच्याही आडव्या ओळी असल्या की दोन्ही एकमेकांत मिसळतात, म्हणून मी गोधडी बहुधा तिरकी फिरवतो.

शीर्षकाबद्दल आणखी थोडं. जागा भरायची म्हणून रोमन अक्षरं लांब लांब ठेवता येतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेखा तुटते. दोन ओळींचं शीर्षक असेल तर वेलांट्या, मात्रा आणि उकार यांची गाठ पडते. ‘विणू’च्या खाली ‘टोपी’ ठेवून बघा, णूचा उकार पीच्या वेलांटीत अडकतो. अशा वेळी ओळ बाजूला सरकवा किंवा अक्षरं हाताने काढा. मराठी नाटकांची शीर्षकं रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे यांची अक्षरं समोर ठेवून अभ्यास करा. शब्दाचा आकारच तिथे चित्राचं काम करतो.

पैठणीसारखा विषय आला की चारही बाजूंनी काठ फिरवायचा मोह होतो. त्याने मुखपृष्ठ लग्नपत्रिकेसारखं दिसतं. शिवाय कटिंगमध्ये एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चौकट वाकडी दिसते. काठ एकाच बाजूला, कण्यालगत (कणा म्हणजे पुस्तकाची बांधणीकडची जाड कड) उभा घ्या आणि तो कण्यावरून मलपृष्ठावर वळू द्या. वारलीत तर रचना मूळ चित्रातच असते. तारपा नाचाच्या फेऱ्यात मध्यभागी तारपा वाजवणारा असतो. त्याच्या अंगावर शीर्षक टाकू नका, फेरा कापू नका. शीर्षक गेरूच्या मोकळ्या रंगावर येऊ द्या.

कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) वजनाच्या मॅपलिथो या छपाईच्या कागदाचा एक ताव साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे १६० पानांच्या पुस्तकाचे ८० कागद, सुमारे ८ मिमी. तरीही प्रेसकडून त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे न छापलेली नमुना प्रत मागवून मोजा. ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, किमान ३ मिमी. कण्याला वेगळा गडद रंग देऊन तो बरोबर घडीवर संपवू नका, बाइंडिंगमध्ये किंचित सरकला की रंग मुखपृष्ठावर दिसतो.

मांडणी पक्की करण्याआधी ती त्या कलेतल्या जाणकार व्यक्तीला दाखवा. सुईची पकड किंवा क्रोशाच्या हुकची दिशा चुकली असेल तर त्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. आणि काम घेताना प्रकाशकाला एवढं विचाराच : शीर्षक नक्की झालंय का? तीन अक्षरांच्या शीर्षकासाठी ठेवलेल्या जागेत पाच शब्द मावत नाहीत, फोटो पुन्हा काढावा लागतो. त्या दुसऱ्या फोटोचा खर्च कोण देणार, हे कोटेशनमध्येच लिहून ठेवा.