मक्यातलं तण औषधाला दाद देत नसेल तर काय करावं

मक्यात तणनाशक मारून पंधरा दिवस झालेत. घोळ गेली, कुंजर गेला, गवतही वाळलं. पण काटेमाठाची दहा-बारा रोपं टवटवीत उभी आहेत. बहुतेक जण म्हणतात, "राहू दे, मका वाढला की दबून जातील." मला भीती त्या दहा-बारा रोपांचीच वाटते. पुढचं सगळं लिहिलंय ते त्यांच्यासाठीच.

तणाला औषधाची सवय होते असं आपण म्हणतो, पण खरं घडतं ते वेगळं. बियाण्यासाठी आपण चांगली कणसं निवडून बाजूला ठेवतो, तशीच निवड तणनाशक करतं. हजारो रोपांत एखादं जन्मतःच चिवट असतं. बाकीची मरतात, ते उरतं आणि बी टाकतं. पुढच्या हंगामात तेच औषध मारलं की पुन्हा तीच निवड होते. चार-सहा वर्षांत शेत चिवट वाणानं भरून जातं.

हे घडून गेलेलं आहे. १९७० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून ॲट्राझीन या मक्यातल्या नेहमीच्या तणनाशकाच्या कुळातल्या औषधांना न जुमानणाऱ्या तणाची नोंद झाली. आपल्याकडे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणा-पंजाबच्या गव्हात गुल्ली डंडा हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला दाद देईना. औषध बदललं, तर पुढे नव्यालाही ते पुरून उरलं. अमेरिकेच्या मका पट्ट्यात तर आपल्या माठाच्याच कुळातलं एक तण आज चार-पाच गटांच्या, म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या औषधांतून सुटतं. आपल्या खानदेशात, नाशिक-संभाजीनगर-जालन्याकडे कोंबडीखाद्य आणि इथेनॉलमुळे मक्याला मागणी आहे. त्यामुळे खरिपात मका, त्यावर पुन्हा मका आणि दर वेळी त्याच दोन बाटल्या असं चालू आहे. निवड होण्यासाठी एवढं पुरेसं आहे.

१. पेरणीआधी तणाचं एक पीक मारून घ्या

पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच तिफण घालायची घाई असते, ती समजते. पण वाफसा आल्यावर आठ-दहा दिवस थांबता आलं तर वरच्या थरातलं तण उगवून येतं. वखराची एक उथळ पाळी दिली की ते संपतं. पाळी खोल घालू नका, नाहीतर खालचं बी वर येईल. पाऊस उशिरा आला असेल तर हे सोडून द्या, तेव्हा पेरणीची वेळ जास्त मोलाची. अर्धवट कुजलेलं शेणखत मात्र कधीच टाकू नका. त्यातून तणाचं बी आपण स्वतःच पेरतो.

२. पेरणीनंतर दोन दिवसांत पहिली फवारणी

ॲट्राझीन ५० टक्के पावडरची मात्रा एकरी ४०० ते ८०० ग्रॅम. हलक्या जमिनीला कमी, भारी काळ्या जमिनीला जास्त. जमिनीत ओल हवीच, कोरड्या ढेकळांवर मारलेलं औषध वाया जातं. मक्यात तूर किंवा उडीद आंतरपीक असेल तर ॲट्राझीन नको, ते डाळवर्गीय पिकाला मारतं. तिथे पेंडिमिथॅलीनचा विचार करा.

खरी चूक मात्र मोजण्यात होते. "पंपाला एक झाकण" हे माप नव्हे. असं करा: पंपात १६ लिटर साधं पाणी घ्या, नेहमीच्या चालीनं फवारा आणि ते किती गुंठ्यांवर संपलं ते मोजा. समजा ४ गुंठ्यांवर संपलं. एकर ४० गुंठ्यांचा, म्हणजे एकराला १० पंप. ॲट्राझीन एकरी ५०० ग्रॅम मारायचं असेल तर पंपाला ५० ग्रॅम. नोझल पट्ट्यासारखी फवारणी करणारं घ्या, म्हणजे फ्लॅट फॅन. कीटकनाशकाचं गोल नोझल नको. फवारताना मागे मागे चाला, म्हणजे औषधाचा थर पायाखाली मोडणार नाही. मात्रा कमी पडली की अर्धवट चिवट रोपंही वाचतात, म्हणून हा हिशेब एवढ्या तपशिलानं सांगितला.

३. कोळपं विसरू नका

उगवणीनंतर पहिले दीड महिना मक्याला तण सगळ्यात जास्त छळतं. साधारण विसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी कोळपणी केली आणि ओळीतलं तण खुरपून घेतलं तर औषधातून सुटलेलंही त्यात जातं. कोळप्याच्या फासेपुढे प्रतिकार करणारं तण नाही. मजुरी महाग आहे हे मला कळतं. निदान जिथे तण सुटलंय तेवढे पट्टे तरी खुरपा.

४. उगवणीनंतरचं औषध: बाटली नव्हे, गट बदला

तण दोन ते चार पानांवर असताना टेंबोट्रायोन एकरी ११५ मिली, सोबत त्याच्याबरोबर येणारं चिकटद्रव्य. किंवा टोप्रामेझोन एकरी ३० ते ४० मिली. तण पांढरं पडून मरतं. तण वीतभर झाल्यावर यांचा उपयोग फारसा राहत नाही.

दुकानात नावं वेगळी असतात, पण टेंबोट्रायोन आणि टोप्रामेझोन एकाच प्रकारे काम करतात. यंदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरं मारलं तर बदल झालाच नाही. लेबलवर छापलेला घटक वाचा आणि दुकानदाराला घटकाच्या नावानं विचारा. ॲट्राझीनचा गट वेगळा, पेंडिमिथॅलीनचा वेगळा, लव्हाळ्यासाठीच्या हॅलोसल्फ्युरॉनचा (एकरी ३६ ग्रॅम) आणखी वेगळा. दोन औषधं एकत्र मारायची असतील तर त्याच तणावर चालणारी, वेगवेगळ्या गटांची आणि दोन्ही पूर्ण मात्रेत असावीत. अर्धी-अर्धी मात्रा मारणं सगळ्यात धोक्याचं.

टू-फोर-डी हे तणनाशक वापरणार असाल तर शेजारच्या कपाशीकडे आणि द्राक्षबागेकडे आधी बघा. वाऱ्यानं उडालेल्या थेंबांनीही कपाशीची पानं भेंडीसारखी चिरून जातात. त्या पंपानं कपाशीवर कधीही फवारू नका. आणि परदेशी व्हिडिओत मक्यावर ग्लायफोसेट मारताना दिसतं ते तिथल्या खास वाणांवर. आपला मका त्यानं मरेल.

५. फवारणीनंतर पंधराव्या दिवशी शेतात फेरी मारा

हे काम मी सगळ्यांत वर ठेवतो. सुटलेलं तण कसं उरलंय ते बघा. सरळ पट्ट्यात उरलं असेल तर नोझल तुंबलं किंवा फवारा चुकला. सगळ्या जातींचं तण उरलं असेल तर मात्रा, ओल किंवा वेळ चुकली. पण बाकी सगळं मेलं, फक्त एकच जात उरली, त्यातही मेलेल्या रोपाशेजारी त्याच जातीचं जिवंत रोप उभं आहे आणि गेल्या वर्षीही त्याच कोपऱ्यात तसंच होतं, तर संशय घ्या.

तेच औषध दुप्पट करून पुन्हा मारू नका. रोपं फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा आणि शेताबाहेर नेऊन जाळा. माठाचं एक मोठं झाड लाखांच्या घरात बी टाकू शकतं. बी धरलंच असेल तर तुरे पोत्यात घालून न्या, फरफटत नेऊ नका. थोडं पिकलेलं बी कागदाच्या पुडीत जपून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. कुंड्यांत उगवून, मोजून फवारल्यावर खरं काय ते कळतं. तण संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र जबलपूरला आहे, तिथल्या शिफारशीही या केंद्रांतून मिळतात.

६. मक्यावर मका नको

हरभरा, कांदा, गहू यांत तणही बदलतं आणि औषधाचा गटही. मात्र ॲट्राझीन आणि टोप्रामेझोनचा अंश जमिनीत राहतो, त्याचा त्रास हरभरा-भाजीपाल्याला होऊ शकतो. म्हणून लेबलवर पुढच्या पिकाबद्दल काय लिहिलंय ते पेरणीआधीच वाचा.

काढणीला दुसऱ्याच्या शेतातून आलेलं मळणीयंत्र आत घेण्याआधी झाडून घ्या. आणि वहीत चार रकाने आखा: तारीख, घटक, मात्रा, काय सुटलं. शेवटचा रकाना पुढच्या जूनमध्ये, दुकानात जाण्याआधी वाचायचा.