खोल समुद्रातल्या मऊ प्रवाळांचं प्रजनन: प्रदर्शनाचा चार्ट करताना या चुका टाळा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात प्रवाळाचा चार्ट हमखास असतो. आपल्या विदर्भातल्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो, तरी ती हा विषय हौसेनं घेतात, याचं मला फार कौतुक वाटतं. पण विषय खोल, थंड पाण्यातल्या मऊ (दगडासारखा टणक सांगाडा नसलेल्या) प्रवाळांच्या प्रजननाचा असला, की त्याच त्या चुका दिसतात. कार्डशीट आणायच्या आधी एवढं वाचून घ्या.

पौर्णिमेचा चंद्र काढू नका

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत असंख्य प्रवाळ एकदमच अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. मोबाइलवर तोच व्हिडिओ सापडतो, मग पोरं तेच चित्र उतरवतात. पण ते उथळ, कोमट पाणी आहे. हजार मीटरखाली सूर्याचाही उजेड पोचत नाही, तिथं चांदणं कुठून येणार? चंद्र खोडा आणि निळ्याऐवजी काळा कागद घ्या.

हिरवं शैवालही रंगवू नका. उथळ पाण्यातल्या अनेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्यांना अन्न पुरवतं. अंधारात ते नसतं. वरून झरणाऱ्या आणि प्रवाहासोबत येणाऱ्या अन्नकणांवरच खोलातल्या प्रवाळाला भागवावं लागतं, अंड्यातला साठाही त्यातूनच भरायचा. म्हणून बऱ्याच जातींत अंडी मोजकी, मोठी असतात आणि पिकायला फार वेळ घेतात.

‘अंडी पाण्यात सोडतात’ एवढं लिहून थांबू नका

परीक्षक इथंच अडवतात. मऊ प्रवाळांत मुख्यतः दोन रीती आहेत. नदीला पूर आला की रोहू पाण्यात अंडी सोडते; डासांसाठी टाक्यात सोडलेला गप्पी मात्र थेट जिवंत पिल्लं देतो. पोरांना हा फरक ठाऊक असतो, तिथूनच सुरुवात करा.

पहिल्या रीतीचं उदाहरण म्हणजे अल्सायोनियम डिजिटॅटम. ते ब्रिटनच्या थंड किनाऱ्याजवळ राहतं, फार खोल नाही. त्याचे पॉलिप, म्हणजे एकमेकांना चिकटून वसाहत करणारे भुजावाले चिमुकले जीव, जुलैच्या सुमारास मिटतात, काही महिने तसेच राहतात, आणि डिसेंबर-जानेवारीत अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात.

दुसऱ्या रीतीचं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातलं अँथोमॅस्टस रिटेरी. छत्रीसारख्या या वसाहतीत दोन प्रकारचे पॉलिप असतात. मोठे अन्न पकडतात. त्यांच्यामधले बारीक ठिपक्यांसारखे पॉलिप वसाहतीत पाणी खेळवतात, आणि भ्रूण वाढतात ते या बारक्यांतच. चार्टवर भिंग काढून हाच भाग मोठा करून दाखवा.

“मंग याच्यात नर कोनता, सर?” हा प्रश्न येतोच. बहुसंख्य जातींत नर वसाहत वेगळी, मादी वसाहत वेगळी. दुसऱ्या रीतीत नराच्या शुक्रपेशी पाण्यातून मादीपर्यंत पोचतात. तेव्हा दोन वसाहती काढा आणि मध्ये बाण दाखवा.

हायड्राचं मुकुलायन तसंच्या तसं चिकटवू नका

मुकुलायन म्हणजे अंगावर कोंब फुटून नवा जीव होणं. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाचं असं पिल्लू वाढलं की आईपासून सुटतं. प्रवाळाचा नवा पॉलिप चिकटूनच राहतो. त्यानं वसाहत मोठी होते, नवी होत नाही. फरक डोळ्यांनी दाखवायचा असेल तर मामा तलावातल्या स्वच्छ भागातलं थोडं पाणवनस्पतींचं गवत काचेच्या बरणीत, तलावाच्याच पाण्यात ठेवा आणि बरणी हलवू नका. हायड्रा असेल तर काही काळानं काचेवर दोऱ्याच्या तुकड्यासारखा लोंबताना दिसतो. काडी लावली की आखडून ठिपक्याएवढा होतो. नाहीच सापडला तर दुसऱ्या जागचं गवत आणून पाहा. नळाचं क्लोरीनचं पाणी मात्र घालू नका.

भुजा मोजून काढा: मऊ प्रवाळाच्या पॉलिपला आठच, आणि प्रत्येकीला पिसासारख्या बारीक फांद्या.

अळीला खाताना दाखवू नका

मऊ प्रवाळाची प्लॅन्युला अळी, म्हणजे अंड्यातून वाढलेलं चिमुकलं पिल्लू, सहसा अंड्यातल्या साठ्यावरच जगते. ती नेहमी दूर वाहत जाते असंही नाही. आईच्या अंगात वाढलेल्या काही अळ्या तळावर सरपटत जवळपासच बसतात. बसायला दगड, शिंपला असं काही टणक लागतं, म्हणून नुसती वाळू रंगवून भागणार नाही.

‘तुटलं की दोन होतात’ असं ठोकून देऊ नका

काही मऊ प्रवाळ तुकड्यांतून वाढतात, हे खरं. पण कॅनडातला 2003 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पोरांना जरूर सांगा. तळ खरवडणाऱ्या मासेमारीच्या जाळ्यांचा परिणाम समजावा म्हणून जर्सेमिया रुबिफॉर्मिस या थंड पाण्यातल्या मऊ प्रवाळाच्या वसाहती पुन्हा पुन्हा चिरडल्या गेल्या. जखमा भरून आल्या आणि पायथ्याशी चिमुकल्या वसाहती दिसू लागल्या. पाहणाऱ्याला वाटावं, तुकड्यांतून नवं जीवन आलं. प्रत्यक्षात ती लैंगिक प्रजननातून आलेली पिल्लं होती, पोटातून वेळेआधी बाहेर पडलेली. त्यांतलं एकही जगलं नाही. हे चित्र खंडीभवनाच्या, म्हणजे तुकड्यांतून नवे जीव होण्याच्या, रकान्यात घालू नका. त्याला वेगळी चौकट करा आणि वर जाळं काढा.